इतिवृत्त वाचून कायम करणे

'वार्षिक सर्वसाधारण सभा' हे शब्द ऐकले की मराठी माणसाच्या पोटात गोळा तरी येतो, नाहीतर त्याच्या बाह्या तरी वर जातात. साखर कारखान्याची सभा, दूधसंघाची सभा, पतपेढीची सभा. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो तो माईक ओढणाऱ्यांचा, नाहीतर उलट्या पडलेल्या खुर्च्यांचा. एकीकडून 'मंजूर, मंजूर', दुसरीकडून 'नामंजूर, नामंजूर', आणि मध्येच राष्ट्रगीत सुरू झालं की समजायचं, सगळे विषय पार पडले. आमच्या सोसायटीत याचीच छोटी आवृत्ती असते. तिथे खुर्च्या पडत नाहीत, नुसते पार्किंगवरून आवाज चढतात. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावीच लागते म्हणून घ्यायची, वीस टाळकी जमली नाहीत म्हणून अर्धा तास तहकूब करायची, आणि मग जे आठ-नऊ जण बसलेत त्यांच्यावरच ओरडायचं!

तर आज मी या सभेची बाजू घेणार आहे. आणि तीही कशासाठी, तर खेळण्यातल्या आगगाड्यांसाठी. हसा खुशाल. आमच्याकडेही सगळे हसलेच.

जरा पार्श्वभूमी सांगते. आम्ही नेऱ्यात सहा जण आहोत. (मुळशीतलं नेरे. भोरचं वेगळं, पनवेलचं वेगळं. मावशी, हे खास तुझ्यासाठी लिहिलंय. हिंजवडी, मग मारुंजी, मग आम्ही, आणि तसंच पुढे गेलीस तर कासारसाईचं धरण.) या सहा जणांना विजेवर चालणाऱ्या छोट्या रेल्वेगाड्यांचा नाद आहे. 'खेळण्यातल्या' म्हटलेलं आमच्यातल्या दोघांना अजिबात खपत नाही, 'प्रमाणबद्ध प्रतिकृती' म्हणायचं. आता प्रश्न असा पडलाय की या मंडळाला काही रूप द्यायचं का, आणि द्यायचं तर वर्षातून एकदा रीतसर सभा, हिशेब, अहवाल, पदाधिकारी हे सगळं हवं का? पाच जणांचं मत आहे की सभा-बिभा कशाला, ग्रुप आहे की! सहावी मी. माझं मत, सभा हवीच.

आधी हे सांगायला हवं की या छंदात एकट्या माणसाचं काम का भागत नाही. जगात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण आहे १ : ८७. म्हणजे खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा भाग. ऐकायला किती छोटं वाटतं! पण आपली डेक्कन क्वीन घ्या. सोळा डबे आणि पुढे इंजिन. या प्रमाणात तिची लांबी साडेचार मीटरच्या वर जाते. टू बीएचकेतली सगळ्यात मोठी भिंत घेतली तर गाडी एका दारातून निघण्याआधीच दुसऱ्या दाराला टेकते. कर्जत ते लोणावळा हा घाट २८ किलोमीटर धरला तर प्रमाणात तो ३०० मीटरच्या वर होतो. तेवढी जागा आमच्या सोसायटीच्या पोडियमवरही नाही. म्हणून मग जगभर लोक काय करतात, तर प्रत्येकानं आपापल्या घरी एक तुकडा करायचा, चार-चार फुटांचा बोर्ड, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या हॉलमध्ये सगळे तुकडे जोडायचे. कुणाचं स्टेशन, कुणाचा पूल, कुणाचं नुसतंच भाताचं खाचर. जोडले की गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते. काय दिसतं म्हणून सांगू!

पण जोडायचे म्हणजे जुळायला हवेत ना? बोर्डाच्या कडेला रूळ कुठे यायचा, जमिनीपासून किती उंचीवर, वायरींना कुठल्या पिना. युरोपातल्या 'फ्रेमो' मंडळींनी रुळाची उंची १.३ मीटर ठरवून टाकली आहे. अमेरिकेत १९३५ साली मिलवॉकीत नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन निघाली ती याच कारणानं. तोवर एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या डब्याला जोडला जाईल याची खात्री नसायची. चाकं, रूळ, कपलिंग यांची मापं कुणीतरी बसून, भांडून, मतं घेऊन ठरवली, आणि मग कारखानदारांनी ती पाळली. आज दुकानातून कुठलाही डबा आणून कुठल्याही रुळावर ठेवता येतो. त्यामागे कितीतरी कंटाळवाण्या सभा आहेत.

अजून एक गंमत. हल्लीच्या इंजिनांमध्ये एक चिप असते आणि प्रत्येक इंजिनाला स्वतःचा नंबर, म्हणजे पत्ता असतो. कारखान्यातून इंजिन येतं ते ३ हा पत्ता घेऊन. सगळी इंजिनं, सगळ्या जगात, ३. म्हणजे दोघांनी नवी इंजिनं आणली आणि नंबर न बदलता रुळावर ठेवली तर एकानं बटण दाबलं की दोन्ही पळतात. आमच्याकडे हे झालंय. एक इंजिन खंडाळ्याला निघालं आणि दुसरं, ज्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, ते उलट्या दिशेनं थेट टेबलाखाली. मग 'तू दहाच्या पुढचे घे, मी वीसच्या पुढचे घेते' असं ठरलं. कुठे ठरलं? ग्रुपवर. नंतर त्या मेसेजवर दिवाळीच्या शुभेच्छा येऊन पडल्या, कुणाच्या तरी मुलीचा दहावीचा निकाल आला, आणि आता कुणालाच आठवत नाही की तीसच्या पुढचे कोणाचे.

असो. जरा बाहेर बघू. लंडनमध्ये 'द मॉडेल रेल्वे क्लब' नावाचा एक क्लब आहे. स्थापना १९१०. जगातला सगळ्यात जुना आपणच, असं ते सांगतात. १९१० म्हटल्यावर पुणेकरांच्या डोक्यात दुसरंच काहीतरी वाजायला हवं: त्याच वर्षी जुलैत राजवाडे आणि मेहेंदळ्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. एकीकडे कागदपत्रं गोळा करणारे वेडे, दुसरीकडे आगगाड्या. दोन्ही संस्था शंभरी ओलांडून जाग्यावर आहेत. वेड तर त्या काळी अनेकांना होतं. टिकलं कुणाचं, तर ज्यांनी वेडाला वर्गणी, कार्यकारिणी आणि प्रोसिडिंग बुक जोडलं त्यांचं, असं माझं आपलं निरीक्षण.

या लंडनच्या क्लबाची किंग्ज क्रॉसजवळ स्वतःची जागा आहे, आणि तिथे 'कोपनहेगन फील्ड्स' नावाचा एक देखावा आहे. किंग्ज क्रॉसच्या उत्तरेकडचा भाग, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जसा होता तसा. प्रमाण साधारण १ : १५२, म्हणजे आमच्यापेक्षाही बारीक. १९८० च्या दशकात काम सुरू झालं आणि चाळीस वर्षं त्यात भरच पडते आहे. एका माणसाला हे जमणार नाही. कौशल्य असलं तरी आयुष्य तेवढं लांब नसतं. घरांच्या रांगा कुणी केल्या, रस्ते कुणी, कौलं कुणी. एकानं हातातलं ठेवलं की दुसऱ्यानं उचलायचं, आणि हे उचलणं-ठेवणं चालतं कारण ती वस्तू कुणा एकाची नाही, क्लबाची आहे.

दुसरा क्लब आमच्या हिंजवडीकरांच्या जास्त जवळचा. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ साली टेक मॉडेल रेलरोड क्लब निघाला. त्यात दोन तट होते. एकाला डोंगर, झाडं, घरं, रंग यात रस. दुसऱ्याला बोर्डाच्या खालच्या वायरींमध्ये. खालच्यांनी टेलिफोन एक्सचेंजचे सुटे भाग वापरून गाड्या नियंत्रित करायची यंत्रणा बसवली, आणि त्यांच्यातलेच पुढे एमआयटीत आलेल्या पहिल्यावहिल्या कॉम्प्युटरांना चिकटले. 'हॅक' आणि 'हॅकर' हे शब्द आज ज्या अर्थानं वापरतात तो अर्थ याच क्लबाच्या बोलीतून आलाय. स्टीव्हन लेव्हीनं १९८४ च्या 'हॅकर्स' या पुस्तकात हे सगळं रंगवून सांगितलंय. मला त्यात आवडलेली गोष्ट म्हणजे किल्लीची. बोर्डावर चाळीस तास काम केलंत की क्लबाच्या खोलीची किल्ली मिळायची. बघा, जगातल्या सगळ्यात बंडखोर पोरांनीसुद्धा किल्ली कुणाला द्यायची याचा नियम केला होता!

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे काय? आपल्याकडे भाऊ जोशी. पुण्यातल्या ज्या ब्लॉगकर मंडळींनी कर्वे रस्त्यालगतचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं नसेल त्यांनी आधी उठून ते पाहून यावं, मग उरलेलं वाचावं. १ एप्रिल १९९८ ला ते सुरू झालं. एका माणसाच्या हौसेतून उभं राहिलेलं अख्खं शहर: रूळ, सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, आणि दिवे मालवले की त्या शहराची रात्र. भाऊंनंतर घरच्यांनी ते चालवलं. 'भाऊ जोशींनी कुठली सभा घेतली होती?' हा आमच्या ग्रुपवरचा हुकमी प्रश्न आहे. प्रश्न खराच आहे, मी मान्य करते. कमिटी असती तर अजून कोटेशनं मागवणं चालू असतं. एका डोळ्यानं पाहिलेलं आणि एका हातानं केलेलं काम नेहमीच जास्त देखणं असतं. दहा जणांनी केलेल्या देखाव्यात एका स्टेशनावर पावसाळा आणि पुढच्या स्टेशनावर मे महिना असतो.

पण भाऊ जोशींना मागे घर होतं, घरच्यांची तयारी होती, स्वतंत्र जागा होती. सगळ्यांना हे असत नाही. ज्यांना नसतं त्यांच्या गाड्यांचं पुढे काय होतं, ते आता सांगते.

त्याआधी एक विचार, बरेच दिवस डोक्यात घोळणारा. प्रतिकृती करायची कला आपल्याकडे काही कमी नाही. दर दिवाळीत आपली पोरं मातीचे किल्ले करतात. बुरूज, तटबंदी, हळीव पेरून केलेली हिरवळ, गुहेत वाघ, पायथ्याशी शेत, एखादा तर बोगद्यातून चावीची आगगाडीही सोडतो (शिवाजी महाराजांच्या काळात!). पुण्यातल्या मंडळांचे हलते देखावे बघा. मोटर, गिअर, पट्टे, दिवे, आवाज, सगळं वेळेवर बांधलेलं. लंडनच्या मंडळींनी तोंडात बोटं घालावीत असं काम. पण किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला तर टिकला, आणि देखावा अनंत चतुर्दशीनंतर उतरतो. आपल्याकडे प्रतिकृती ही सणाची गोष्ट आहे. मांडायची, मिरवायची, मोडायची. त्यामुळे 'हे नंतर कुणाचं?' हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. मोडलेल्या किल्ल्याला वारस कशाला लागतो? रेल्वेचं तसं नाही. ती वर्षानुवर्षं वाढते, तिच्यात पैसे अडकतात, आणि ती करणाऱ्यापेक्षा जास्त जगू शकते. म्हणून आपली मंडळवाली सवय इथे पुरत नाही.

तर काका.

आम्ही सहा जण आहोत असं वर लिहिलं, पण होतो सात. काका आमच्यातले सगळ्यात मोठे, आणि खरं तर आम्हाला गोळा करणारे तेच. त्यांच्या फ्लॅटमधली एक अख्खी खोली रेल्वेला दिलेली होती. बारा फूट बाय चार फुटांचा बोर्ड, भिंतीला स्क्रूनं पक्का केलेला, आणि त्यावर त्यांच्या आठवणीतला खंडाळ्याचा घाट. जुनी वर्तमानपत्रं आणि प्लास्टरचे डोंगर, पाइपाचे बोगदे, वाळलेल्या दोडक्याची जाळी हिरव्या रंगात बुडवून केलेली झाडं. मुंबईहून गाडी आली की कर्जतला मागून इंजिनं लावायची, ढकलत वर न्यायची, लोणावळ्याला काढायची. खऱ्या घाटात जसं होतं तसंच. हे जोडणं-काढणं ते स्वतः करत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. बाकीच्यांच्या घरी जागा नाही, म्हणून तिघांची इंजिनं आणि डबे त्यांच्याकडेच असत. गाड्या चालवायचं मुख्य यंत्र पाच जणांनी पैसे काढून घेतलेलं, ते तिथेच. कुठे काही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच काय? काकांना सगळं तोंडपाठ.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात काका गेले. मुलगी परदेशातून आली, मोजकी पंधरा दिवसांची रजा घेऊन. फ्लॅट भाड्यानं द्यायचा होता. दिवस झाल्यावर तिनं आमच्या ग्रुपवर अगदी नीट, मनापासून मेसेज टाकला, की बाबांच्या रेल्वेतलं कुणाला आठवण म्हणून काही हवं असेल तर सांगा, त्यांना आवडलं असतं.

त्याखाली ओळीनं हात जोडल्याची चित्रं.

आमच्यातल्या एकाची दोन इंजिनं त्या बोर्डावर होती. सलग दोन वर्षांच्या दिवाळीच्या बोनसमधून घेतलेली. त्यानं लिहिलं, 'काही नको ताई, तुम्ही काळजी घ्या.' मग प्लाय सुताराकडे गेला, वायरी वजनावर गेल्या, आणि इंजिनं-डबे एका खोक्यात भरून नात्यातल्या कुठल्याशा लहान मुलाला. त्या मुलानं चार दिवस खेळली असतील, मजाही आली असेल. खंडाळ्याचा घाट मात्र पोत्यांमध्ये भरून लिफ्टनं खाली उतरला.

यात चूक कुणाची? मुलीची म्हणाल तर तिला त्या बोर्डावर काय कुणाचं हे कळणार कसं? तिनं तर विचारलं होतं. ज्याची इंजिनं गेली त्याची म्हणाल तर, माफ करा, नुकतंच तेरावं झालेल्या घरात जाऊन 'ते हिरवं इंजिन माझं' असं म्हणणारा माणूस मला शेजारी म्हणून नको. तो बोलला नाही हे त्याच्या चांगुलपणाचंच लक्षण. म्हणजे इथे सगळी माणसं चांगली वागली, आणि तरीही एका माणसाच्या दोन वर्षांच्या बचतीचं आणि दुसऱ्याच्या दहा वर्षांच्या कामाचं जे व्हायचं ते झालं.

आता समजा, एक वही असती. साधी, शंभर पानी. 'इंजिन, हिरवं, पत्ता ११, मालक अमुक, ठेवलेलं काकांकडे.' 'नियंत्रक यंत्र, पाच जणांच्या वर्गणीतून, मंडळाचं.' आणि दर वर्षी एकदा सगळ्यांसमोर ती वाचली जात असती. तर मुलीच्या हातात आम्ही ती वही ठेवली असती आणि कुणालाच काही मागावं लागलं नसतं. मागण्याचं काम वहीनं केलं असतं. एवढंच नाही, तिलाही तिच्या हक्काचं कळलं असतं, की हे एवढं बाबांचं, याची किंमत साधारण अशी, आणि विकायचं असेल तर ही सहा माणसं मदत करतील. परदेशातले जुने क्लब हे काम करतात: सभासद गेला की त्याच्या संग्रहाला योग्य भाव मिळवून द्यायला घरच्यांना मदत करायची. आपल्याकडे सभेच्या सुरुवातीला दुखवट्याचा ठराव असतो, दोन मिनिटं उभं राहायचं असतं. चांगलीच प्रथा आहे ती. पण त्या ठरावाखाली 'आणि त्यांच्या सामानाची व्यवस्था' अशी एक ओळ घालायला काय हरकत आहे?

आपला समज असा असतो की लिहून ठेवणं म्हणजे अविश्वास. 'आपल्यात काय हिशेब?' हे वाक्य आपण फार प्रेमानं उच्चारतो. हा समज खोटा आहे हे बघायचं असेल तर कुठल्याही भिशीत जाऊन बसा. आमच्या भिशीत अकरा जणी आहेत, आणि त्यातल्या निम्म्या एकमेकींच्या बाळंतपणात धावलेल्या. तरीही वही आहे. कुणी किती भरले, कुणाची उचलून झाली, कुणाचा हप्ता पुढच्या महिन्यावर गेला, सगळं तारखेसह. दर महिन्याला पोहे व्हायच्या आत ती वही मोठ्यानं वाचली जाते. त्यामुळेच पोहे खाताना कुणाच्या मनात काही नसतं. (आमच्या ग्रुपमधल्या पुरुष मंडळींना मी हे उदाहरण दिलं तेव्हा एकजण म्हणाला, 'पण भिशीत पैसे असतात.' एका इंजिनाच्या किमतीत भिशीचे किती हप्ते बसतात ते त्यानं घरी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.)

विरोधकांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मला पटते. संस्था झाली की गाड्या मागे पडतात आणि कागद पुढे येतात. रीतसर नोंदणी करायची तर १८६० चा संस्था नोंदणी कायदा. त्याला किमान सात माणसं लागतात, आम्ही सहा. शिवाय महाराष्ट्रात नुसतं तेवढ्यावर भागत नाही, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही जावं लागतं. मग दर वर्षी हिशेब तपासून घ्या, कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज भरा. तो अर्ज मंजूर होईपर्यंत जुनी कार्यकारिणी खरी की नवी, यावरून चांगल्या-चांगल्या संस्थांमध्ये भाऊबंदकी होते. सहा माणसांनी चार बोर्ड जोडायला हा खटाटोप करू नये. स्वतःची जागा झाली, लोकांकडून तिकिटाचे किंवा देणगीचे पैसे घ्यायची वेळ आली, तर बघू.

पण नोंदणी वेगळी आणि सभा वेगळी. हे दोन्ही आपल्याकडे इतके एकत्र चिकटलेत की सभा म्हटलं की लोकांना कोर्टच दिसतं. सहा माणसं वर्षातून एकदा एका टेबलाभोवती बसली, त्यातल्या एकाला अध्यक्ष म्हटलं, मागच्या वर्षीची वही वाचली, तिच्यात दुरुस्त्या केल्या आणि खाली सह्या केल्या, तर त्याला कुठल्या आयुक्ताची परवानगी लागत नाही. मला तर 'इतिवृत्त वाचून कायम करणे' हा अजेंड्यावरचा पहिला विषयच सगळ्यात जास्त आवडतो. लोक त्या वेळी चहा घ्यायला उठतात. अहो, पण मागच्या वर्षी आपण काय बोललो याबद्दल सहा जणांच्या सहा आठवणी असतात, आणि त्यातली एक सगळ्यांनी मिळून खरी धरायची. हे ग्रुपवर कधीच होत नाही. ग्रुपवर जो शेवटी बोलतो त्याचंच खरं.

आणखी एक. ग्रुपवर 'नाही' म्हणता येत नाही. कुणी काही सुचवलं की अंगठा दाखवायचा, नाहीतर गप्प बसायचं. गप्प बसणारा विरोधात आहे की प्रवासात आहे, कळायला मार्ग नाही. सभेत हात वर करून विरोध करता येतो, तो लिहिला जातो, आणि नंतर दोघंही एकाच किटलीतला चहा पितात. मतभेद नोंदवायला जागा असली की माणसं ग्रुप सोडून जात नाहीत. आमच्यातले दोघे मागच्या वर्षी 'लेफ्ट' होऊन परत आले, म्हणून सांगते.

तर मी एक सूचनापत्र तयार केलंय. सोसायटीच्या नियमाप्रमाणे पूर्ण चौदा दिवस आधी देणार आहे, उगाच कुणी म्हणायला नको. विषय असे: काकांच्या स्मृतीचा ठराव, मग कुणाचं काय, कुणाकडे, ही यादी करून वाचून कायम करणे, इंजिनांचे पत्ते वाटून घेणे, तीसच्या पुढचे कोणाचे यासह, सभासद गेल्यास किंवा गाव सोडल्यास सामानाचं काय, क्लब हाऊसची खोली महिन्यातून एका रविवारी मिळावी म्हणून सोसायटीकडे अर्ज, वर्गणी. खजिनदार म्हणून माझं नाव कुणीतरी सुचवणारच आहे, मला अंदाज आहे.

आणि मग अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय. तिथे काय होणार तेही मला आत्ताच माहीत आहे. गेज. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागलं की येतात १९.२६. पण दुकानात मिळतो तो रूळ १६.५ चा, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या युरोपीय-अमेरिकन गेजसाठी बनवलेला. म्हणजे त्यावर चालणारी आपली कुठलीही गाडी शास्त्रशुद्ध म्हटली तर खोटी: अंगानं भारदस्त आणि पायात आखूड. इंग्रजांचीही हीच गोची आहे. त्यांचं लोकप्रिय प्रमाण १ : ७६ च्या आसपास, त्याला रूळ हवा १८.८३ चा, आणि बहुतेक सगळे चालवतात १६.५ वर. त्यावरून त्यांच्या क्लबांत पिढ्यान् पिढ्या वाद चालू आहेत आणि १८.८३ वाल्यांनी आपली वेगळी चूल मांडली आहे.

आमच्याकडेही एक १९.२६ वाला आहे. तोच, ज्याची दोन इंजिनं गेली तो. त्याचं म्हणणं आहे की सगळं नव्यानंच करायचं आहे तर खरं करू. म्हणजे प्रत्येक फूट रूळ हातानं ठोकायचा, प्रत्येक सांधा हातानं घासून बसवायचा, प्रत्येक चाक रुंद करायचं. घाट पुरा व्हायला किती वर्षं लागतील देव जाणे. मी १६.५ च्या बाजूनं हात वर करणार आहे. सूचक मी स्वतः. अनुमोदक अजून मिळालेला नाही.